नसेतलं दार आणि त्याची राखण



आम्ही डॉक्टर नव्हे, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. म्हणून सुरुवात एका शब्दापासून करतो. चरकसंहितेत 'उपद्रव' म्हणजे मूळ रोगानंतर, त्याच्याच आश्रयाने उपजणारा दुसरा रोग. आज आपण 'कॉम्प्लिकेशन' म्हणतो. आता रक्ताच्या कर्करोगात छातीच्या कातडीखाली जो 'केमोपोर्ट' बसवतात, तो बिघडला तर उपद्रव कोणाचा? रोगाचा, औषधाचा, की उपकरणाचा?

थोडा इतिहास पाहू. १९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावी वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टराने स्वतःच्या कोपराच्या शिरेतून नळी सारत थेट हृदयापर्यंत नेली आणि तशाच अवस्थेत जाऊन एक्स-रे काढून घेतला. त्या काळी पदरी टीकाच पडली. नोबेल मिळालं ते १९५६ साली, आणखी दोघांबरोबर विभागून.

या नळीची गरज केमोथेरपीला लागली. काही औषधं हातातल्या बारीक शिरा जाळतात, शिरेबाहेर सांडली तर मांस करपतं. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत ओघ मोठा, तिथे औषध लगेच विरळ होतं. १९७३ साली ब्रोव्हियाक यांनी, १९७९ साली हिकमन यांनी अमेरिकेत अशा टिकाऊ नळ्या पुढे आणल्या. हिकमन यांची नळी तर अस्थिमज्जा-रोपणाच्या रुग्णांसाठीच होती. पण तिचं टोक छातीबाहेर लोंबायचं. १९८२ साली नीडरह्यूबर आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण कातडीखाली राहणाऱ्या पोर्टचा अनुभव प्रसिद्ध केला. छोटी डबी, तिला सिलिकॉनचं झाकण. टोचायचं ते खास ह्युबर सुईनं. साध्या सुईनं झाकणाचे तुकडे पडतात.

म्हणजे दार आत गेलं, पण ते दारच राहिलं. नळीच्या आतल्या बाजूला जंतू चिकट थर करून राहतात. तिथे औषध पोचणं कठीण, मग कधी पोर्टच काढावा लागतो. नळीभोवती रक्ताची गुठळी होते. क्वचित नळी गळपट्टीचं हाड आणि पहिली बरगडी यांत चेपून तुटते.

हे कोणत्याही कर्करोगात घडू शकतं. रक्ताच्या कर्करोगात मात्र लढणाऱ्या पांढऱ्या पेशीच कमी किंवा निकामी, प्लेटलेट घटल्या तर पोर्ट बसवतानाच रक्तस्रावाचं भय, आणि अ‍ॅस्परॅजिनेजसारखं औषध गुठळी वाढवणारं. रोग, औषध, उपकरण असे तिघे एकाच शिरेत भेटतात. चरकाचा शब्द इथे अपुरा पडतो.

एक गोष्ट सांगतो, आमच्याच चुकीची. आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या मुलाला ल्युकेमिया होता. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. सकाळी पोर्ट धुऊन आणला आणि तासाभरात पोराला हुडहुडी भरली, ताप चढला. बापानं फोन केला, "सर, काय करू?" आम्ही म्हणालो, "अरे, थंडीचे दिवस आहेत. पांघरूण घाल, उद्या बघू." पहाटे पोराचा रक्तदाब उतरला. पोर वाचलं, पण पोर्ट काढावा लागला, केमो लांबली. पोर्ट धुतल्यावर लगेच हुडहुडी भरणं ही नळीतले जंतू रक्तात गेल्याची ओळखीची खूण असते, हे आम्हाला नंतर कळलं.

त्या घरात पुढे महिनाभर एकच प्रश्न होता, चूक कोणाची? डॉक्टरची, नर्सची, आईच्या हाताची? आम्ही तिथे बसायचो आणि मान खाली घालायचो. इतिहास वाचल्यावर वाटतं, प्रश्न वेगळा विचारायला हवा: दार कोण राखतंय?

आपल्याच जिल्ह्यात, बार्शीला १९८७ साली ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. म्हणजे खेड्यातला रुग्ण मोजला जाऊ लागला. आता तो सांभाळलाही जायला हवा. पोर्ट वापरात नसला तरी डॉक्टर सांगतील तेवढ्या आठवड्यांनी धुवावा लागतो. टोचण्याआधी हात आणि कातडी नीट स्वच्छ हवी. आणि ताप १००.४ फॅरनहाइट झाला, किंवा नुसती हुडहुडी भरली, तरी सकाळची वाट पाहायची नाही. मुंबईची गाडीही धरायची नाही, जवळच्या रुग्णालयात जाऊन आधी सांगायचं, "पोर्ट आहे, केमो चालू आहे."

हे वाक्य त्या रात्री आम्हाला ठाऊक नव्हतं. तुम्ही ते घरी घेऊन जा.