कुंभाराचा आवा आणि परमाणूंचा वाद

आपल्या धंद्याची थोरवी सांगताना आपण संत गोरोबाकाकांचे नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. परंतु प्राचीन भारतीय तत्त्वज्ञांच्या एका मोठ्या वादाचा विषय आपल्या आव्याने पुरविला, हे ज्ञातिबांधवांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल.

कच्चा घडा काळसर असतो, भाजल्यावर तांबडा होतो. हा पालट नेमका कशात होतो? कणादाचे अनुयायी वैशेषिक म्हणत, की अग्नीच्या आघाताने घडा पार परमाणूंपर्यंत सुटा होतो, प्रत्येक परमाणूचा काळा रंग जाऊन तांबडा येतो आणि ते पुन्हा जुळून नवा घडा बनतो. हे इतक्या त्वरेने घडते की डोळ्यांस कळत नाही. हा 'पीलुपाक', पीलु म्हणजे परमाणू. नैयायिकांनी उलट विचारले, की घडा मोडतो, तर त्यावर रचलेले घडे कोसळत का नाहीत? त्यांच्या मते घड्यास सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांतून अग्नी आत शिरतो व सबंध घडाच भाजतो. हा 'पिठरपाक', पिठर म्हणजे मडके. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाने आपल्या तर्कसंग्रहाच्या दीपिकेत ही दोन्ही मते दिली आहेत. या वादात कोणी कुंभाराची साक्ष काढल्याचे मात्र आमच्या वाचनात नाही. त्याच शास्त्रात घडा दोन कपालांचा, म्हणजे दोन खापरांचा बनतो असेही शिकवितात. चाकावर बसणारा माणूस यास हसेल!

माती कशी सिद्ध होते हे आम्ही घरी पाहिले आहे, जरी शाळेत वडिलांचा धंदा विचारला असता आम्ही 'शेती' असे सांगत असू. मावळातील काळ्या खडकाची झीज होऊन झालेली माती चिकट असते. भिजली की फुगते, वाळताना आकसून तडकते. म्हणून ती कुटून, चाळून, भिजत घालीत आणि तीत घोड्याची लीद व राख मिसळून पायांनी तुडवीत. लीद आव्यात जळून जाते व तिच्या जागी बारीक छिद्रे राहतात. त्यांतून पाणी पाझरते, म्हणून माठ थंड राहतो. नैयायिकांची छिद्रे ती हीच म्हणावयास हरकत नाही.

फुटक्या खापराची कड पाहावी. पुष्कळदा ती दोन्ही अंगांनी तांबडी व मध्ये काळी असते. हवा व आच बाहेरून आत जात असता घडा जागच्या जागी होता, याचा हा पुरावा. येथे नैयायिक जिंकतात. परंतु कच्चे मडके पाण्यात विरघळते, भाजलेले विरघळत नाही. सुमारे ५०० ते ७०० अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान मातीच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते व त्यांची जुनी रचना मोडते. तीतील लोहाचा प्राणवायूशी संयोग होऊन तांबडेपणा येतो. परमाणू स्वतः रंगत नाहीत, पण त्यांची जुळणी बदलते. तेव्हा वैशेषिकही अगदीच चुकले नव्हते.

पुढे मावळात भट्टीची निराळी विद्या आली. तळेगावास १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. काचेत वाळूचे मूळ रूप उरतच नाही. परंतु अशी काच वितळविण्याची मूस पूर्वापार मातीचीच असे.

लीद किती, राख किती, कोणत्या ओढ्याची माती कोणत्या भांड्यास, हे प्रमाण वृद्ध कारागिरांच्या हातातच आहे, कागदावर नाही. ज्यांच्या घरी असे कोणी असतील त्यांनी कळवावे. आम्ही येऊन उतरवून घेऊ.