श्वासाने दाबायची कळ

दम्याचा पंप आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात असतो. कुणाच्या मुलाच्या दप्तरात, कुणाच्या हँडबॅगेत, तर कुणाच्या सासूबाईंच्या उशाशी. रोजच्या पाहण्यातली वस्तू असल्यामुळे तिच्यामागे काही इतिहास असेल असे सहसा मनात येत नाही. पण तो आहे आणि त्याच्या मुळाशी एक अवघड पेच आहे. औषध फुप्फुसात पोहोचवायचे ते श्वासाबरोबर, आणि ज्याला औषध हवे त्याचा श्वासच तर अपुरा पडतो आहे!

१९५५ सालापर्यंत दमेकऱ्याजवळ असे ते काचेचे नेब्युलायझर. रबरी फुगा दाबायचा आणि निघेल तेवढा फवारा ओढायचा. काच फुटे, आणि दर खेपेस औषध सारखेच जाईल याची खात्री नसे. अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांच्या १३ वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांवर मारायच्या स्प्रेसारखे माझे औषध डब्यात का भरत नाहीत, असे तिने वडिलांना विचारले. मुलीचा प्रश्न वडिलांनी हसण्यावारी नेला नाही. कंपनीतल्या मंडळींनी कामाला लागून मार्च १९५६ मध्ये ‘मेडिहेलर’ बाजारात आणला. एकदा दाबला की मोजून तेवढेच औषध बाहेर पडे. आजचे पंप हे त्याचेच वंशज.

एक अडचण मात्र राहिली. डबी दाबणे आणि श्वास आत घेणे या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी साधाव्या लागतात. फवारा अतिशय वेगाने निघतो. श्वास थोडा मागेपुढे झाला की औषध जिभेवर आणि घशाच्या भिंतीवर बसते. शिवाय घशाला गार फवारा लागला की काही जण दचकून श्वासच थांबवतात. लहान मुले, वयस्कर माणसे आणि संधिवाताने बोटे आखडलेली माणसे यांना तर ही कसरत फारच जड जाते.

मग विचार असा आला की हाताचे काम श्वासालाच का सांगू नये? त्यासाठी दोन वाटा निघाल्या.

पहिली वाट पुडीच्या औषधाची. इंग्लंडमध्ये फायसन्स कंपनीत रॉजर अल्टुन्यान नावाचे डॉक्टर होते. जन्म १९२२ सालचा, सीरियातला. दुसऱ्या महायुद्धात ते वैमानिक होते आणि त्यांना स्वतःला दमा होता. गिनीपिगच्या केसांपासून केलेला अर्क हुंगून ते मुद्दाम स्वतःला दम लावून घेत आणि नवनवी औषधे स्वतःवरच तपासत. अशी अनेक वर्षे गेल्यावर ‘इन्टाल’ हे औषध हाती आले. ते पुडीच्या रूपात द्यायचे म्हणून सहकाऱ्यांसह त्यांनी ‘स्पिनहेलर’ तयार केला. आतमध्ये विमानासारखा छोटा पंखा, त्यात टोचलेली कॅप्सूल. रुग्णाने जोरात श्वास ओढला की पंखा फिरे आणि पूड उडून आत जाई. दाबण्याची भानगडच नाही. पण पंखा फिरवायचा कुणी, तर त्या दमलेल्या श्वासानेच! ओढ कमी पडली की पूड तिथेच राही. म्हणजे वेळ साधण्याचा प्रश्न सुटला, पण ताकदीचा उभा राहिला.

दुसरी वाट रायकरचीच. ही कंपनी १९७० साली थ्रीएमकडे गेली. त्या सुमारास त्यांनी ‘ऑटोहेलर’ काढला. त्यामागची कल्पना समजायला आपला उंदराचा सापळा आठवावा. सापळ्याची स्प्रिंग उंदीर ओढत नाही, ती आपण आधीच ताणून ठेवलेली असते. उंदीर भाकरीच्या तुकड्याला नुसते तोंड लावतो आणि खटका पडतो. ऑटोहेलरमध्ये वरचा दांडा उचलला की स्प्रिंग ताणली जाते. श्वासाने आतली पातळ पट्टी हलते, खटका सुटतो आणि डबी दाबण्याचे काम स्प्रिंग करते. इथे श्वास हमाली करत नाही, फक्त हुकूम देतो. दुबळ्या श्वासासाठी हीच मोठी सोय झाली.

अर्थात पहिल्याच घासाला सगळे जमले नाही. सुरुवातीच्या यंत्राला ओढ बरीच लागे, आणि खटक्याचा आवाज एवढा मोठा की माणूस दचके. खटका हलका करावा तर धक्क्याने भलत्याच वेळी उडायचा, जड करावा तर अशक्त माणसाला तो सुटायचाच नाही. पुढच्या सुधारित ऑटोहेलरला मिनिटाला सुमारे ३० लिटर वेगाची ओढ पुरू लागली. १९९० च्या दशकात इंग्लंडमध्येच नॉर्टन कंपनीचा ‘ईझी-ब्रीद’ आला. झाकण उघडले की त्याची स्प्रिंग आपोआप ताणली जाते आणि सुमारे २० लिटरच्या ओढीला खटका सुटतो. हे आकडे वेगाचे आहेत बरे का. ताशी ६० मैल म्हणजे काही तासभर गाडी चालवणे नव्हे!

याचा खरोखर उपयोग झाला का? १९९१ साली ‘थोरॅक्स’ या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. ज्यांना साध्या पंपाची वेळ साधत नव्हती, त्यांच्या फुप्फुसात औषधाचा सुमारे ७ टक्केच भाग पोहोचत होता. ऑटोहेलरने तो २१ टक्क्यांच्या आसपास गेला. ज्यांना पहिल्यापासून नीट जमत होते त्यांना मात्र विशेष फायदा झाला नाही. म्हणजे हे यंत्र ज्याला अडचण आहे त्याच्यासाठी आहे.

आता आपल्या घरचा मुद्दा. भारतात पुडीचा रोटाहेलर घरोघर माहीत आहे. मुंबईच्या सिप्ला कंपनीने १९९७ साली तो पारदर्शक केला, त्यामुळे पूड उरली की संपली ते डोळ्यांना दिसते. सहा महिन्यांसाठी इथे आलेल्या आईला किंवा वडिलांना त्याचीच सवय असते. पूड ओढायची ती झटक्यात आणि जोरात. फवारा, मग तो हाताने दाबायचा असो की श्वासाने सुटणारा, ओढायचा तो सावकाश आणि खोल. इथे हातात फवारा आला आणि ओढण्याची सवय जुनीच राहिली, तर बरेचसे औषध घशातच अडकते. मग ‘इथले औषध लागू पडत नाही’ असे आपण म्हणतो. औषध बिचारे बरोबर असते, फक्त ते पोहोचलेले नसते.

ज्यांची ओढ या खटक्यालाही पुरत नाही, आणि अगदी लहान मुले, त्यांच्यासाठी साधा पंप आणि स्पेसर हीच वाट चांगली. स्पेसरमध्ये फवारा क्षणभर थांबतो आणि नेहमीच्या श्वासानेही आत घेता येतो. श्वासाने सुटणारा पंप मात्र स्पेसरला जोडून चालत नाही.

तेव्हा एवढेच करा. पुढच्या वेळी जी.पी.कडे जाल तेव्हा पंप बरोबर न्या आणि नर्ससमोर एकदा ओढून दाखवा. आईवडिलांना नेलेत तर दुभाष्याचे काम तुम्हीच करा. पन्नासहून अधिक वर्षे इतक्या लोकांनी डोके लढवले ते औषध शेवटच्या चार इंचांत वाया जाऊ नये म्हणून. तेवढे चार इंच आपल्याला सांभाळता येतील.