कैलासयात्रेची पूर्वतयारी : वहिवाट, करार आणि संमतिपत्र

मंगेशीची स्थलकथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. द्यूतात पार्वतीकडून हरलेले शंकर कैलास सोडून गोमंतकात आले आणि त्यांच्या शोधार्थ पार्वतीही निघाली. त्या प्रवासास कोणाची अनुज्ञा लागली नाही. मनुष्याने मात्र उलट दिशेने, गोमंतकातून कैलासाकडे, जावयाचे मनात आणले, की देव, डोंगर आणि राजसत्ता अशा तिघांची मर्जी सांभाळावी लागते. पहिल्या दोघांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिसऱ्या मर्जीचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

शतकानुशतके ही यात्रा वहिवाटीवर चालली. अल्मोड्याहून पायी निघावे, धारचुला, गर्ब्यांग करीत लिपुलेख खिंड ओलांडावी आणि तिबेटातील तकलाकोटवरून मानससरोवर गाठावे, असा एक क्रम असे. स्वामी प्रणवानंदांनी १९३६-३७ चा हिवाळा सरोवराकाठच्या ठुगोल्हो मठात काढला आणि १९४९ साली आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. मार्गांचे टप्पे व अंतरे त्यात इतक्या काटेकोरपणे दिली आहेत, की श्रद्धा आणि हिशेब एकत्र नांदू शकतात याचा तो पुरावाच होय.

पुढे २९ एप्रिल १९५४ रोजी भारत व चीन यांच्यात पेकिंग येथे करार झाला. पंचशीलाची तत्त्वे ज्याच्या प्रास्ताविकात आहेत तोच हा करार. परंतु त्याचा मूळ विषय तिबेटशी चालणारा व्यापार व दळणवळण हा होता. हिंदू व बौद्ध यात्रेकरूंनी रूढीप्रमाणे कैलास-मानससरोवरास जावे, असे त्यात नमूद होते. शिपकी, माना, नीती, कुंग्री-बिंग्री, दारमा आणि लिपुलेख या सहा वाटा नावानिशी दिल्या होत्या. यात्रेकरूने सरहद्दीच्या चौकीवर नाव नोंदवावे आणि परवाना घ्यावा, एवढेच बंधन होते.

वकिलाचे लक्ष मात्र मुदतीच्या कलमाकडे जाते. ती होती आठ वर्षे. जून १९६२ मध्ये कराराची मुदत संपली, नूतनीकरण झाले नाही, आणि त्याच वर्षी युद्ध पेटले. वाट बंद झाली ती १९८१ पर्यंत. कागदाविना शतके टिकलेली वहिवाट कागदावर आली आणि आठ वर्षांत तिचा लेखी आधार गेला, हे चमत्कारिक वाटेल. तथापि दोष लेखनाचा नव्हे. शेजारच्या राज्यातून जाण्याची वहिवाट ही त्या राज्याच्या सौजन्यावर उभी असते. करार ते सौजन्य केवळ मोजून दाखवितो. २०१५ साली नाथू-लाची वाट उघडली, २०२० पासून यात्रा पुन्हा थांबली, आणि २०२५ साली ती सुरू झाली, यातही तेच सूत्र दिसते.

आता डोंगराविषयी. परिक्रमेतील डोल्मा खिंड सुमारे साडेअठरा हजार फूट उंच आहे. तेथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास असतो. शरीरास त्याची सवय होण्यास दिवस लागतात. घाई केल्यास फुप्फुसांत पाणी साचते किंवा मेंदूस सूज येते. म्हणूनच सरकारी यात्रेस वयाची मर्यादा अठरा ते सत्तर वर्षे आहे, दिल्लीस वैद्यकीय तपासणी होते, आणि लिपुलेखच्या वाटेने जाणाऱ्यांची गुंजी येथे ती पुन्हा होते. निसर्गही कोणाची गय करीत नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये मालपा येथे दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत सुमारे साठ यात्रेकरू होते.

गतवर्षी आमच्या देवस्थानाचे एक वृद्ध महाजन या यात्रेचे कागद घेऊन माझ्याकडे आले. नुकसानभरपाईचा हक्क सोडणारे बंधपत्र त्यांनी शांतपणे ऐकले. दुसरे होते संमतिपत्र : सरहद्दीपलीकडे मृत्यू आल्यास अंत्यसंस्कार तेथेच करण्यास हरकत नाही. ते थबकले. म्हणाले, “वकीलसाहेब, मग माझे दिवस घरी कसे करणार?” मी म्हटले, “काका, हा प्रश्न कायद्याचा नाही. सही करण्यापूर्वी हा कागद घरी सर्वांना वाचून दाखवा.”

चार दिवसांनी ते मुलाला घेऊन परतले. पुरोहितांना विचारले होते, काकूंनाही विचारले होते. सही त्यांनी माझ्यासमोर केली, आणि साक्षीदार म्हणून मुलाने. बूट, लोकरी कपडे, औषधे यांची यादी त्यानंतर सुरू झाली. यात्रेस निघू इच्छिणाऱ्या वाचकांनीही हाच क्रम ठेवावा, अशी माझी विनंती आहे.