परीक्षानळीपासून दंडावरच्या सेन्सरपर्यंत

परीक्षानळीत पाच मिलिलिटर बेनेडिक्ट द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब आणि नळीखाली स्पिरिटचा दिवा. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी असा चढत गेला की एक प्लसपासून चार प्लसपर्यंत नोंद करायची. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या सरकारी प्रयोगशाळांमधली माझी नोकरी या नळीपासून सुरू झाली. अमेरिकेतल्या स्टॅनले बेनेडिक्ट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधलेली ही पद्धत स्वस्त होती, म्हणूनच सरकारी खर्चाने ती खेड्यातल्या आरोग्य केंद्रापर्यंत आली.

पण या नळीला फार उशिरा कळायचं. रक्तातली साखर डेसिलिटरला साधारण 180 मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय लघवीत उतरत नाही. त्यामुळे नळी निळी राहिली म्हणून माणूस निरोगी, असं म्हणता येत नसे. साखर एकदम घसरून घाम फुटलेल्या माणसाची नळीही निळीच दिसायची.

सांगली जिल्ह्यातले काही तालुके एकेकाळी साताऱ्यातच होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. आजारी माणसाची वाट मात्र त्याआधीपासूनच मिरजेकडे जात होती. डॉ. विल्यम वान्लेस यांनी 1894 मध्ये तिथे मिशनचं रुग्णालय उभारलं. 1962 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिरजेतच निघालं. मधुमेहावरचं औषधही तोवर निघालं होतं. तिकडे टोरांटोत 11 जानेवारी 1922 रोजी चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्शुलिन टोचलं गेलं होतं. शोधकर्त्यांनी इन्शुलिनचं पेटंट विद्यापीठाला नाममात्र एकेका डॉलरला देऊन टाकलं. औषध सगळ्यांना मिळावं, ही त्यांची इच्छा होती.

मात्र इन्शुलिन किती घ्यायचं, हे साखर मोजल्याशिवाय ठरत नाही. ती मोजायला जत, आटपाडी, माण, खटावची माणसं पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी निघायची. रक्त द्यायचं, सोबत आणलेली भाकरी खायची आणि दोन तासांनी पुन्हा दंड पुढे करायचा. एका तपासणीपायी एका दिवसाचा खाडा, त्या दिवसाची मजुरी बुडालेली. पुढच्या तपासणीला अनेकजण येत नसत, ते बेफिकिरीमुळे नव्हे, हे मला टेबलापलीकडून दिसत होतं.

रक्त तपासायची पट्टी परदेशात 1960च्या दशकातच निघाली, 1970 मध्ये ती वाचणारं यंत्रही आलं. आमच्याकडे या पट्टीला खरा जोर आला तो 2010 मध्ये असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाल्यावर. पुढे तिशीवरच्या प्रत्येकाची तपासणी करायचं ठरलं, आशाताई घरोघर फॉर्म भरू लागल्या आणि उपकेंद्रात ग्लुकोमीटर आला. बोट टोचलं की काही सेकंदांत आकडा. आपल्याला मधुमेह आहे, हे कित्येकांना गावातच पहिल्यांदा कळलं. हे काम मोठं आहे आणि ते सरकारी पैशानेच झालं.

मात्र ही सोय रुग्ण शोधण्यासाठी होती. टाइप 1 मधुमेह असलेल्या, म्हणजे रोज इन्शुलिनवर जगणाऱ्या मुलाला दिवसातून किमान चार वेळा साखर मोजावी लागते. त्या पट्ट्या बहुतेक घरांना पदरचे पैसे घालून आणाव्या लागल्या. खटाव तालुक्यातली एक आई मला माहीत आहे. झोपेत साखर उतरेल या भीतीने ती रात्री दोनला उठून लेकीचं बोट टोचते.

या आईचं काम सेन्सर करू शकतो. दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवतात. तिची केसासारखी तार त्वचेखालच्या द्रवातली साखर दर काही मिनिटांनी मोजते आणि साखर उतरू लागली की गजर देणारेही सेन्सर आहेत. असा चौदा दिवस चालणारा सेन्सर युरोपात 2014 मध्ये आला आणि रुग्णाने घरी वापरायचा 2020 मध्ये भारतात. किंमत काही हजार रुपये, महिन्याला दोन लागतात. शेतमजुराच्या घराला हे झेपणारं नाही. फ्रान्सने 2017 पासून या खर्चाची भरपाई द्यायला सुरुवात केली. ब्रिटनमध्ये मार्च 2022 पासून टाइप 1 असलेल्या प्रत्येक प्रौढाला सेन्सर देऊ करावा, अशी अधिकृत शिफारस आहे. केरळने ‘मिठाई’ योजनेतून टाइप 1च्या मुलांची जबाबदारी घेतली.

आपल्याकडेही पावलं पडली आहेत. 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. 22 सप्टेंबर 2025 पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मोठ्या आजारपणात आधार देते. पण ती रुग्ण दाखल झाल्यावर धावून येते. मूल बेशुद्ध होऊन अतिदक्षता विभागात पोचलं तर पैसा आहे. ते तिथे पोचूच नये म्हणून घरी करायच्या मोजणीला नाही.

नळी असो वा पट्टी, सरकारने आपल्या खर्चाने आणली तेव्हाच ती गरिबाच्या वाट्याला आली. सेन्सरचंही तसंच होईल. सुरुवात टाइप 1ची मुलं आणि इन्शुलिनवरच्या गरोदर बायांपासून करावी, सेन्सर जिल्हा रुग्णालयातून द्यावेत, त्यांचे आकडे वाचायला उपकेंद्रातल्या आरोग्य सेविकांना शिकवावं आणि ज्यांना सेन्सर मिळणार नाही त्यांना घरी पुरतील इतक्या पट्ट्या द्याव्यात. या दोन जिल्ह्यांपुरतं तरी हे आत्ताच सुरू व्हायला हवं.