हायस्कुलातला कॅमेरा : एक मागणी आणि तिचा पूर्वेतिहास

चित्रपटाचा इतिहास लिहिणारे आमच्या नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरापासून आरंभ करतात. दादासाहेब फाळके तेथे १८७० साली जन्मले. मला त्यात महत्त्वाचा वाटतो तो एक साधा तपशील. १८८५ साली, पंधराव्या वर्षी, फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले. आजच्या हिशेबाने हे वय नववी-दहावीचे. वडील संस्कृतचे शास्त्री, नोकरीनिमित्त मुंबईत. कलाशाळेची वाट घरातूनच जात होती. त्याच्या तीनच वर्षे आधी जोतीराव फुले हंटर आयोगापुढे निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी करीत होते. एकाच्या हाती कुंचला आणि भिंग, दुसऱ्यांना अजून पाटीसुद्धा नाही!

१९१८ साली नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. तिचे बहुतेक चित्रपट पौराणिक. त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पडद्यावरचा राम तिकीट काढणाऱ्या कोणालाही दिसत होता. देवळातला मात्र आमच्या माणसांना पाच वर्षे झगडूनही दिसला नाही.

मग आपल्या माणसांनी काय केले? जे हाती लागले ते घेतले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक मोठेपणी अक्षरे शिकले, आणि १९४३ मध्ये त्यांनी पहिले गाणे रचले ते एका हिंदी चित्रपटगीताच्या विडंबनातून. सिनेमाने चाल दिली, आशय आपला. हे शिक्षण कोणत्याही शाळेने दिले नाही, ही गोष्ट गौरवाची म्हणून सांगितली जाते. मला ती गौरवाबरोबरच आरोपाचीही वाटते.

शासनाने शाळेत चित्रफीत आणली नाही असे नाही. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली, दूरदर्शनवरून मुलांना धडे दिसू लागले, आणि २०१७ साली ती संस्था बंद झाली. तिच्या रचनेत मूल प्रेक्षक होते. निर्माता दुसराच.

आमच्या नांदगावला लागूनच मालेगाव. तेथल्या शेख नासिर यांनी व्हिडिओ पार्लर चालवता चालवता चित्रफिती जोडण्याचे कसब मिळवले आणि २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला. पुढच्या एका चित्रपटात सुपरमॅन झाला तो एक यंत्रमाग कामगार. कॅमेरा हलवायला सायकल, उंच न्यायला बैलगाडी. लोक या कल्पकतेचे कौतुक करतात, चित्रपटही निघाले त्यावर. परंतु दारिद्र्यावरच्या जुगाडाला टाळ्या वाजवणे आणि त्या मुलांच्या शाळेत कॅमेरा देणे, यांत पहिली गोष्ट फार स्वस्त पडते.

याच्याच जोडीला नागराज मंजुळे यांचे उदाहरण पाहावे. जेऊरसारख्या गावातून, वडार समाजातून आलेला हा तरुण अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकला, तेव्हा त्याच्या हाती कॅमेरा आला. त्यातून 'पिस्तुल्या' झाला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग 'फँड्री' आणि २०१६ चा 'सैराट'. पण तो पदव्युत्तर वर्ग होता. तेथवर पोचण्याआधी आपली किती मुले गळतात, हे शिक्षकांना सांगण्याची गरज नाही. 'पिस्तुल्या' ही स्वतः शाळेबाहेर राहिलेल्या मुलाचीच कथा आहे.

आता कोणी म्हणेल, प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, १४ एप्रिलची मिरवणूक पोरे टिपतातच, शिकवायचे काय? शिकवायचे ते जोडणीचे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार होऊन दहा माणसे मेली. पेटवल्या जाणाऱ्या टँकरचे कारण पोलिसांनी पुढे केले. न्या. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला, आणि आनंद पटवर्धनांच्या 'जय भीम कॉम्रेड'ने २०११ मध्ये तो सगळा प्रकार पुन्हा पडद्यावर तपासला. कोणते दृश्य आधी, कोणते नंतर, आणि मधले कोणी कापले, हे वाचता न येणारा समाज नव्या अर्थाने निरक्षर ठरतो.

म्हणून मागणी छोटी आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा राज्यभर होतात, त्यांचे गुण दहावीला मिळतात. त्यांच्याशेजारी चित्रफितीची परीक्षा ठेवावी, आठवीपासून. पाच मुलांत एक फोन पुरतो. पहिला अभ्यास म्हणून मनमाडच्या रेल्वे वसाहतीत जावे. फेब्रुवारी १९३८ मध्ये बाबासाहेबांनी तेथे अस्पृश्य रेल्वे कामगारांपुढे ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले होते. ती परिषद पाहिलेल्यांची नातवंडे-पतवंडे बोलती आहेत.