प्यायचं की चोळायचं? : आफ्टरशेव्हची कुळकथा

मुंबईत १९४९ साली दारूबंदीचा कायदा आला. ‘दारू’ म्हणजे काय, हे ठरवताना तो लिहिणाऱ्यांनी हात आखडता घेतला नाही. ज्यात अल्कोहोल आहे असा कुठलाही द्रव म्हणजे दारू. झालं! व्हिस्की, ताडी आणि दाढीनंतर गालाला लावायचं ओ-द-कोलोन, सगळे एका पंगतीला बसले.

फ्राम नसरवानजी बलसारा या मुंबईकर गृहस्थांनी याविरुद्ध उच्च न्यायालयात अर्ज केला. काय काय बाळगू आणि वापरू द्यावं याची यादीच त्यात होती. व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर आणि त्यांच्याच रांगेत ओ-द-कोलोन. प्रकरण दिल्लीला गेलं. २५ मे १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दारूबंदी टिकली, व्हिस्की अडकली, कोलोन तेवढं सुटलं. अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं बाळगणं, विकणं-विकत घेणं आणि वापरणं यांवरची बंदी घटनाबाह्य ठरली. या यादीत एक क्रियापद नव्हतं : बनवणं. आजही घरच्या घरी आफ्टरशेव्ह करून विकू पाहणाऱ्याचं घोडं तिथेच अडतं.

पण कायद्याने दोघांना एका पंगतीला बसवलं ते उगाच नव्हे. कूळ एकच आहे.

योहान मारिया फारिना हा इटलीतून जर्मनीतल्या कोलोन शहरात आलेला सुगंधकार. त्याच्या घराण्याची पेढी १७०९ सालची. तेव्हाचे सुगंध कस्तुरीसारखे जड. फारिनाने लिंबू, संत्रं, बर्गमोट यांची तेलं शुद्ध स्पिरिटमध्ये विरघळवली आणि त्या हलक्या पाण्याला गावाचंच नाव दिलं. ‘ओ द कोलोन’ म्हणजे कोलोनचं पाणी. हे पाणी लोक अंगाला लावत, तसं पीतही. साखरेवर थेंब टाकून किंवा वाइनमध्ये मिसळून ते औषध म्हणून घेतलं जाई. मग १८१० साली नेपोलियनने फर्मान काढलं, की गुप्त औषधं विकणाऱ्यांनी त्यांची कृती सरकारला कळवावी. कृती उघड करायची कोणाची तयारी? ‘आमचं हे औषध नव्हेच, हा तर सुगंध’ असं म्हणत कोलोनवाले बाजूला झाले. भांड्यातला माल तोच राहिला, फक्त पोटातून काढून गालावर नेला.

दुसरी शाखा वेस्ट इंडीजची. सेंट थॉमस बेटावर, डॅनिश अमलाखाली, बे नावाच्या झाडाची सुवासिक पानं रमसोबत ऊर्ध्वपातित करत. हीच ‘बे रम’. एकोणिसाव्या शतकात रीस नावाच्या औषधविक्रेत्याने तिचा व्यापार वाढवला आणि ती अमेरिकेतल्या न्हाव्यांच्या फळीवर जाऊन बसली. पुढे १९२० साली अमेरिकेत दारूबंदी आली, आणि दाढीची बे रम अनेकांच्या घशाखाली उतरू लागली. नावातच रम असल्यावर आणखी काय होणार!

आपल्याकडे न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी असे तो तुरटीचा खडा. ओल्या गालावर फिरवला की कातडी आवळते, बारीक कापल्याचं रक्त थांबतं. परवाना नको, बाटली नको. तिकडे अमेरिकेत १९०३ साली जिलेटचा सेफ्टी रेझर विक्रीला आला आणि दाढी सलूनमधून घराच्या आरशापुढे आली. मागोमाग न्हाव्याच्या फळीवरची बाटलीही घरी आली. १९३८ साली पुरुषांसाठीचं ‘ओल्ड स्पाइस’ निघालं, तोवर आफ्टरशेव्ह ही स्वतंत्र जात झाली होती.

लावल्यावर जी आग होते, तिचंही कारण आता कळलं आहे. कातडीतला उष्णता ओळखणारा संवेदक एरवी साधारण ४२ अंशांना जागा होतो. अल्कोहोल लागलं की तो ३४ अंशांच्या आसपासच जागा होतो. म्हणजे आपल्याच अंगाची ऊब आपल्याला पोळते. मग स्पिरिट उडून जातं आणि गार वाटतं.

कृती अवघड नाही. सुगंधी तेलं आणि मेंथॉल आधी स्पिरिटमध्ये विरघळवायचं, मग थोडं ग्लिसरीन, आणि पाणी सर्वांत शेवटी, हळूहळू. घाई केली की तेल सुटून मिश्रण दुधाळ होतं. काही आठवडे मुरू द्यायचं, थंड करून गाळायचं. पाणी हवंच. जवळपास ७० टक्क्यांचं अल्कोहोल ९५ टक्क्यांपेक्षा जंतू चांगले मारतं, कारण पाणी असलं की जंतूंची प्रथिनं लवकर बिघडतात.

अवघड आहे ते स्पिरिट. पिण्याजोगं घ्यावं तर दारात उत्पादन शुल्क खातं उभं. फ्रेंच पॉलिशचं घ्यावं तर त्यात लोकांनी पिऊ नये म्हणून मुद्दाम विष कालवलेलं असू शकतं, ते गालावर कसं चोळणार? दारूबंदी कायद्याच्या १९५२च्या दुरुस्तीने सूट दिली तीही ‘मद्य म्हणून पिण्यास अयोग्य’ अशाच प्रसाधनांना. १९५५ साली औषधं आणि प्रसाधनांतल्या अल्कोहोलवर कर बसवणारा वेगळा केंद्रीय कायदा आला. तो २०१७ साली जीएसटीत विरघळला.

कर विरघळला, परवाना नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा प्रसाधनाची व्याख्या करतो ती क्रियापदांनी : चोळायचं, ओतायचं, शिंपडायचं, फवारायचं. पिण्याचं नाव नाही. स्वतःपुरतं केलं तर हा कायदा विचारायला येत नाही. पण विक्रीसाठीच काय, वाटपासाठी बनवायचं म्हटलं तरी परवाना लागतो. २०२०च्या नियमांनुसार तो राज्याचं परवाना खातं देतं, आपल्याकडे अन्न व औषध प्रशासन. त्यासाठी जागा, यंत्रं, जाणकार माणूस, आगीपासून बंदोबस्त हे सारं दाखवावं लागतं. स्वयंपाकघर तिथे चालत नाही. लहान माणसाला एक वाट आहे, दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपला माल बनवून घ्यायचा ‘लोन लायसन्स’. आणि लेबलवर ‘जखमा भरून येतात’ असं लिहिलं, तर ते पुन्हा औषध ठरतं. कोलोनवाल्यांनी १८१०मध्ये जी वेस ओलांडली, ती उलट ओलांडल्यासारखं.

हे सगळं किचकट वाटेल. पण डिसेंबर २०१६मध्ये सायबेरियातल्या इर्कुत्स्क शहरात लोकांनी स्वस्त नशा म्हणून आंघोळीचं लोशन प्यायलं. पिऊ नये, असं बाटलीवर छापलेलं होतं. आत इथेनॉल असायला हवं होतं, निघालं मिथेनॉल. सत्तरहून अधिक माणसं गेली. बाटलीवर काय लिहिलंय हे पिणाऱ्याने पाहिलं नाही, आणि बाटलीत काय जातंय हे कोणी तपासलं नव्हतं. बनवणाऱ्याकडे परवाना मागतात तो या दुसऱ्या चुकीसाठी.

बलसारांचं कोलोन ज्या मालमत्तेच्या मूलभूत हक्काने सोडवलं, तो हक्क १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांतून वगळला गेला. कोलोन मात्र दुकानाच्या फळीवर राहिलं. घरी केलेल्या बाटलीचा वास घेऊन मित्र म्हणाला, ‘मस्त झालंय, एक मलाही दे, पैसे घे,’ तर त्या क्षणी बाटली तीच असते, वासही तोच. बदलतं फक्त क्रियापद.