चांद्याचा बर्फ

मे महिन्यात पारा ४६ अंशांवर जातो, तेव्हा चंद्रपूर-गडचिरोलीच्या आम्हा माणसांना कुणी सांगितले की, तुमचा मुलूख एकेकाळी बर्फाखाली होता, तर आम्ही हसून विषय बदलू. पण ही गोष्ट १८७५ सालीच छापून आली आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे फेडन यांना पैनगंगेच्या खोऱ्यात, चांद्याच्या पश्चिमेकडील इरई गावाजवळ चुनखडीचा एक खडक आढळला. घासून गुळगुळीत झालेला आणि वर चरे नि खाचा पडलेल्या. वाहते पाणी असे चरे पाडत नाही. पोटात दगडगोटे धरून जमिनीवरून सरकणारा जड बर्फच ते पाडतो. ही खूण सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीची आहे.

त्या काळी आपली भूमी दूर दक्षिणेला, अंटार्क्टिका, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाला जोडलेली होती. त्या जोडखंडाला जगाने नाव दिले गोंडवनाचे, म्हणजे आपल्याच गोंड मुलखाचे. बर्फ हटल्यावर तेथे ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडांची दलदलीतली जंगले वाढली. ती गाडली गेली आणि तिचा दगडी कोळसा झाला. घुग्घुस, माजरी, बल्लारपूरच्या खाणींतून आपण तोच काढतो. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथीदार बर्फात मरण पावले. त्यांच्यापाशी सुमारे १६ किलो दगड सापडले. त्यांत याच झाडाच्या पानांचे ठसे होते.

या तुटलेल्या शेजाऱ्याकडे भारताची पहिली मोहीम गेली ती गोव्याहून. ६ डिसेंबर १९८१ रोजी 'पोलर सर्कल' हे जहाज मार्मागोव्यातून निघाले. २१ जणांच्या या तुकडीचे प्रमुख होते डॉ. सय्यद जहूर कासिम. अलाहाबादचा जन्म, अलिगढची तालीम, पुढे गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक. समुद्रावरचा बर्फ फोडत जहाज पुढे गेले आणि ९ जानेवारी १९८२ रोजी ही मंडळी अंटार्क्टिकावर उतरली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चंद्रपूरपासून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. आपल्या मुलांना सिंदबादच्या सफरी ठाऊक असतात. कासिमसाहेबांची ही सफरही ठाऊक असायला हवी.

पुढे २००८ साली भारताने उत्तरेकडे, आर्क्टिकमध्ये 'हिमाद्री' केंद्र उघडले. तिकडचा बर्फ हा गोठलेला समुद्रच. तो मोजायचा तर जहाज घेऊन त्याच्यात शिरावे लागते. जर्मनीचे 'पोलरस्टर्न' २०१९ च्या शरदात बर्फाच्या एका मोठ्या तुकड्याला बांधून घेतले गेले आणि कित्येक महिने त्याच्याबरोबर वाहत राहिले. शास्त्रज्ञ बर्फाला भोके पाडत, जाडी मोजत, वरचा हिमाचा थर मोजत आणि उपग्रहांच्या आकड्यांशी ताळा घालत. उपग्रहांची सलग नोंद १९७९ पासूनची. तेव्हा सप्टेंबरात तेथे सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरत असे. २०१२ च्या सप्टेंबरात तो ३४ लाखांवर आला. पांढरा बर्फ ऊन परतवतो, काळे पाणी ते पिऊन घेते. म्हणून बर्फ घटला की समुद्र आणखी तापतो.

त्या बर्फाचा आणि आपला संबंध कोळशाचा आहे. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट आहे. या कोळशाने राज्यात दिवे लागले, आपल्यातल्या अनेकांच्या चुली पेटल्या. ते नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण बर्फ गेल्यावर उगवलेल्या जंगलांनी जो कार्बन जमिनीत पुरून ठेवला, तो आपण शे-दीडशे वर्षांत हवेत सोडतो आहोत. ध्रुवावरचा बर्फ वितळवणाऱ्या वायूत आपल्या धुराड्यांचा वाटा आहे, आणि आपला मे महिना अधिक तापवण्यातही तोच आहे. उन्हात तेंदूपत्ता तोडणाऱ्या बाईने तो कोळसा जाळलेला नाही, पण झळ तिलाच आधी लागते.

इरईच्या खडकावरची नोंद बर्फ निघून गेल्यावर वाचली गेली. जहाजावरची माणसे आज जी नोंद करीत आहेत, ती बर्फ असतानाची आहे. ती वेळेवर वाचणे आपल्या हाती आहे.